लागलं तर असू दे

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून मसाई मारात जाणारी विमानं लहान असतात. सेसना कॅराव्हॅन, एकच इंजिन, डझनभर माणसं आणि सामानासाठी पोटाखाली एक चपटा कप्पा. त्या कप्प्यात कडक सुटकेसा नीट बसत नाहीत, म्हणून सामान मऊ पिशवीतच हवं आणि माणशी १५ किलोच हवं, तेही हातातलं धरून. हा नियम सहलीच्या कागदावर ठळक अक्षरांत छापलेला होता. मी तो मोठ्याने वाचला आणि म्हणालो, "वा! १५ किलो कॅमेऱ्याचं सामान नेता येतंय."

"आणि कपडे?" हिने विचारलं.

कपडे माझ्या यादीत नव्हते. "जंगलात रोज काय बदलायचे? जनावरं थोडीच बघतात?" असं मी म्हणालो. ती काही बोलली नाही. फक्त आपली पिशवी उचलून तिने दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली. दोघांचे मिळून ३० किलो होतात, हा हिशेब तिला माझ्या चेहऱ्यावर वाचता आला असावा.

यादी माझ्या एकट्याची नव्हती. ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी आमचा फोटोवाल्यांचा एक कंपू दर रविवारी पहाटे जमतो. पक्षी सकाळी लवकर दिसतात, म्हणून आम्ही लवकर जमतो. मग चहा येतो, लेन्सांवर चर्चा सुरू होते आणि पक्षी आपापल्या कामाला निघून जातात. या कंपूत भिगवणला फ्लेमिंगो पाहिलेले बरेच आणि ताडोबाला वाघ पाहिलेले थोडे आहेत. आफ्रिकेला गेलेलं कोणी नव्हतं, त्यामुळे आफ्रिकेबद्दल सल्ला सगळ्यांकडेच होता. शेणकिडे टिपायला मॅक्रो लेन्स ने. रात्रीच्या आकाशगंगेसाठी वाइड ने. नदीचं पाणी रेशमी दिसावं म्हणून काळे फिल्टर ने. त्या नदीत मगरी असतात आणि रात्री कोणी छावणीबाहेर सोडत नाही, या शंका मी काढल्या, पण प्रत्येक सल्ल्याचा शेवट ठरलेला होता, "लागलं तर असू दे." या चार शब्दांपुढे कुठलाच मराठी माणूस टिकत नाही. आमच्या माळ्यावर या तत्त्वाने ठेवलेल्या दोन बादल्या, एक शेगडी आणि बंद पडलेला मिक्सर आहे.

मुख्य लेन्स भाड्याची घेतली. ६०० मिलिमीटर, एफ/४. ही विकत घ्यायची म्हणजे आधी चारचाकीचा नाद सोडावा लागतो; भाड्याने घ्यायची तर अनामत रक्कम आणि ओळखपत्राची प्रत पुरते. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांसाठीची मॉडेलं तीन किलोंच्या आसपास उतरली आहेत, त्यांचं भाडं जास्त. डीएसएलआरच्या काळातली जुनी लेन्स जवळजवळ चार किलोंची, तिचं भाडं कमी. मी जुनी उचलली. किलोमागे दर काढला तर सौदा फारच स्वस्तात पडला होता. तिच्या तोंडावर बसवायचं हूड एवढं प्रशस्त निघालं, की आमच्या आईने ते धान्य मोजायच्या पायलीसारखं वापरलं असतं. मोकळी जागा दिसली की माझा जीव राहत नाही. त्या हूडमध्ये मी मोजे कोंबले आणि मेमरी कार्डांची डबी सुरक्षित राहावी म्हणून एका मोज्याच्या टाचेत सरकवली. ही जागा कोणाच्याही लक्षात येणार नाही, याची मला खात्री होती. ती खात्री पुढे खरी ठरली.

आता वजन. घरातला वजनकाटा माणसांचा. त्यावर बॅग घेऊन उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. पण या पद्धतीत आपलं वजन कळतं. म्हणून मी रद्दीवाल्याला थांबवलं. त्याने आपला आकड्याचा काटा बॅगेच्या पट्ट्यात अडकवला, बॅग उचलली, खाली ठेवली, तळहातावर थुंकल्यासारखं करून परत उचलली.

"एकोणीस."

"कपडे धरून?" आतून आवाज आला.

"कपडे अजून भरले नाहीत," मी रद्दीवाल्यालाच सांगितलं. तो सहानुभूतीने मान हलवत सामान पाहू लागला. ट्रायपॉडजवळ थांबला. बोटाने वाजवून म्हणाला, "अल्युमिनियम?"

"नाही. कार्बन फायबर."

"मग नको," तो म्हणाला आणि निघाला.

एकोणीसातले तीन किलो तर नुसत्या बॅगेचे होते. कॅमेऱ्यांच्या बॅगा अशाच असतात. आतल्या वस्तूंना धक्का लागू नये म्हणून त्यांना एवढ्या गाद्यागिरद्या लावतात, की भार सगळा वाहणाऱ्याच्या कमरेवर येतो. दोन कॅमेरे, भाड्याची तोफ, मधल्या पल्ल्याची एक झूम, रुंद पल्ल्याची एक, ट्रायपॉड, त्यावर बसवायचं गिंबल हेड, चार्जर, लॅपटॉप. यातलं काय काढू? मी प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचार केला आणि प्रत्येक वस्तूने मला तेच चार शब्द ऐकवले. शेवटी मी टॉर्चच्या खोक्यातलं माहितीपत्रक काढून टाकलं.

बीनबॅगचं प्रकरण वेगळं. सफारीच्या गाडीत लेन्स टेकवायला कापडी पिशवीत धान्य भरून ती छताच्या कडेवर ठेवतात. पिशवी हिने माझ्या जुन्या जीन्सची शिवून दिली, दुहेरी शिवण घालून. मी डब्यातला तांदूळ तिच्यात ओतायला घेतला.

"हे काय चाललंय?"

"तिकडे नाही मिळालं तर?"

"अहो, केनियात माणसं जेवतात," ती म्हणाली आणि डबा काढून घेतला. रिकामी पिशवी न्यायची आणि तिकडे भरायची, अशीच जगभरची पद्धत आहे, हे मला नंतर कळलं. हिला ते न वाचताच माहीत होतं.

मग प्लास्टिक. मारात धूळ फार, म्हणून मी लेन्सांसाठी प्लास्टिकच्या पिशव्यांचा भारा जमवला होता. साड्यांच्या, मिठाईच्या, ड्रायक्लीनरच्या. केनियाने २०१७ च्या ऑगस्टपासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आहे आणि ती आपल्यासारखी फलकावरची बंदी नाही. कायद्यात लाखो शिलिंगांचा दंड आहे, तुरुंग आहे. सगळ्या पिशव्या काढल्या. हिने जुन्या सुती साडीचे चौकोन कापून दिले. लाखांच्या लेन्सा साडीच्या काठापदरात गुंडाळल्या गेल्या. चिवडाही प्लास्टिकमधून काढून डब्यात भरायला लागला, आणि डबा तिच्या १५ किलोंत जाणार की माझ्या, यावर बोलणी फिसकटली. चिवडा ठाण्यातच राहिला. या सहलीतलं एवढंच नुकसान मला आजही सोसत नाही.

पिवळ्या तापाची लस मात्र आम्ही वेळेत घेतली. ती निघण्यापूर्वी किमान १० दिवस घ्यावी लागते आणि ठरावीक केंद्रांवरच मिळते. तिचं कार्ड नसेल तर केनियाहून परतताना आपल्याच देशात वेगळं ठेवतात. कार्ड पिवळं, वजन नगण्य. ते हिने सांभाळलं.

बॅटऱ्यांचा अभ्यास मी केला. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनच्या सामानात चालत नाहीत, त्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. एका बॅटरीला १०० वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. मिलीअँपिअर-अवरला व्होल्टने गुणायचं आणि हजाराने भागायचं. माझ्या २०,००० च्या पॉवर बँकेचे ७४ आले. हे गणित मी जावयाला, शेजाऱ्यांना आणि विमानतळावर सोडणाऱ्या टॅक्सीवाल्याला करून दाखवलं. टॅक्सीवाल्याने आरशातून हिच्याकडे पाहिलं.

केबिनमध्ये सात किलोच नेता येतात. इथे माझं गुप्त शस्त्र होतं, अनेक खिशांचं जॅकेट. अंगावरच्या कपड्यांचं वजन करायची पद्धत अजून आलेली नाही. एका खिशात दुसरा कॅमेरा, एकात रुंद लेन्स, छातीवर बॅटऱ्या, पाठीच्या चोरकप्प्यात चार्जर आणि घरच्या इलेक्ट्रिशियनकडून बनवून घेतलेला एक्स्टेन्शन बोर्ड, कारण केनियात ब्रिटिश पद्धतीच्या तीन चौकोनी पिनांचे सॉकेट असतात आणि एका अडॅप्टरवर चार चार्जर चालवायचे होते. मी काउंटरपाशी ताठ उभा राहिलो. वाकलो असतो तर परत सरळ झालो नसतो. काउंटरवरच्या मुलीने बॅग तोलली, मग मला न्याहाळलं.

"काका, बरं वाटत नाहीये का? व्हीलचेअर सांगू?"

मी नाही म्हणायच्या आत ही म्हणाली, "विचारतेय तर घ्या की. सामान तरी त्यावर ठेवता येईल."

त्याआधी सीमाशुल्काची पायरी झाली होती. महागडं सामान परदेशी नेताना त्याचं प्रमाणपत्र करून घेतात, म्हणजे परतताना हे बाहेरून विकत आणलं असं कोणी म्हणू नये. त्यासाठी प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर लागतो. लेन्सवरचा नंबर इतका बारीक असतो, की दोन किलोमीटरवरचं घुबड टिपायला निघालेल्या माणसाने चष्मा वर-खाली करत शेवटी शेजारच्या शाळकरी मुलाकडून तो वाचून घेतला. मग सुरक्षा तपासणी. बॅटऱ्या बाहेर, लॅपटॉप बाहेर, कॅमेरे बाहेर, जॅकेट बाहेर. ट्रे संपले, जवानाने मागून आणवले. माझ्यामागची रांग आपोआप दुसऱ्या पट्ट्याकडे सरकली. जवानाने भाड्याची लेन्स दोन्ही हातांनी उचलून विचारलं, "कितने की है?"

मी आकडा सांगितला. त्याने ती फार सावकाश खाली ठेवली.

मुंबईहून नैरोबी सहा तासांच्या आसपास. झोप लागली नाही, कारण जॅकेट घालून पट्टा लागत नव्हता आणि जॅकेट काढून ठेवायला वर जागा नव्हती.

विल्सनला मात्र काटा खरा निघाला. तिथल्या कर्मचाऱ्याने हसत हसत पिशवी ठेवून घेतली, हातातली बॅग ठेवून घेतली, आणि मग तितक्याच प्रसन्नपणे माझ्या जॅकेटकडे बोट दाखवलं. फोटोवाले त्याला नवे नव्हते. काट्यावरचा आकडा मी इथे लिहीत नाही. वजनासाठी वेगळी सीट विकत घ्यायची सोय असते, असं त्याने सुचवलं. म्हणजे ट्रायपॉडसाठी विमानाचं तिकीट. मी हिच्याकडे पाहिलं. ती खिडकीतून विमानं पाहत होती.

जादा सामान तिथे ठेवून जाता येत होतं. मी फरशीवर बसलो आणि कठोर झालो. फोटो काढायला जे प्रत्यक्ष लागत नाही ते सगळं बाहेर. लॅपटॉप? फोटो काढायला लागत नाही. स्वेटर? विषुववृत्तावर? कपडे? अंगावर आहेत. हूडमधले मोजे? मी ते तुच्छतेने उपसून काढले आणि राहणाऱ्या पिशवीत भिरकावले. ट्रायपॉड वाचला. काटा १५ वर आला, तेव्हा आजूबाजूच्या दोन जर्मन बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मसाई मारा विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे, पण समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा उंच. ही दुसरी गोष्ट पहाटे सहाला उघड्या छताच्या लँड क्रूझरमध्ये कळते. लेन्सवर जाड निओप्रीनचं आवरण होतं, वर साडीचा पदर होता. कॅमेऱ्यालाही पावसाळी टोपडं होतं. त्या गाडीत उघडा आणि कुडकुडणारा असा एकच प्राणी होता. हिने आपली शाल दोन मिनिटं दिली आणि परत घेतली. शेवटी फाटकापाशी विकायला बसलेल्या बायकांकडून मी शुका घेतली. मसाई लोक अंगावर घेतात ते लाल चौकड्यांचं जाड वस्त्र. पुढचे सगळे दिवस मी तीच पांघरून होतो. आमचा चालक मला आदराने 'म्झे' म्हणायचा, म्हणजे बुजुर्ग. त्याचे मित्र माझ्याकडे बघून जे म्हणायचे, ते त्याने कधी सांगितलं नाही.

ट्रायपॉड गाडीत उघडतच नाही. अभयारण्यात ठरावीक जागा सोडल्या तर खाली उतरता येत नाही, आणि सीटांच्या मधल्या फटीत त्याचा एक पाय पसरला की दुसरा चालकाच्या मानेत जातो. तो आमच्या पायांखाली आडवा पडून मारा फिरला. कामाला आली ती जीन्सची पिशवी. छावणीच्या आचाऱ्याने ती लाल घेवड्याने भरून दिली, जाताना परत करायच्या बोलीवर. शेवटच्या रात्री जेवणात घेवड्याची उसळ होती. हिने खाल्ली नाही.

एका दुपारी सिंहीण आमच्या गाडीकडे चालत आली. मारातल्या सिंहांना गाड्यांची सवय असते. ऊन वाढलं की ते गाडीच्या सावलीत येऊन बसतात. ती आली आणि माझ्या बाजूच्या चाकाशी आडवी झाली. मी ६०० मिलिमीटरची तोफ वळवली. या लेन्सला साडेचार मीटरच्या आतलं काही दिसत नाही. सिंहीण दीड मीटरवर होती. रुंद लेन्स बॅगेत, बॅग ट्रायपॉडखाली, ट्रायपॉडवर हिचे पाय. शिवाय उघड्यावर लेन्स बदलू नये, धूळ आत जाते, हे मीच सगळ्यांना सांगत आलेलो. मी मागे सरकलो, आणखी सरकलो, पलीकडच्या खिडकीतून अर्धा बाहेर लटकलो. कानाचं टोक मिळालं. माशीसकट. माशी फारच सुरेख आली आहे. मॅक्रो न्या म्हणणाऱ्यांना मी ती मुद्दाम दाखवतो.

लोक मारात जातात ते नदीसाठी. दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट, बरोबर झेब्रे, सेरेंगेटीतून गवताच्या मागे वर येतात आणि साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये मारा नदी ओलांडतात. ओलांडतात म्हणजे ओलांडतीलच असं नाही. हजारोंचा कळप काठावर येतो, पुढचा पाण्याकडे बघतो, मागचे ढकलतात, पुढचा घाबरून वळतो, सगळे वळतात. परत येतात. हे तासन् तास चालतं. लग्नाच्या पंगतीत पहिल्यांदा कोण बसणार, यावर असाच घोळ होतो, पण तिथे पाण्यात मगरी नसतात. कळप बिथरू नये म्हणून गाड्यांनी लांब थांबायचं असतं, पहिलं जनावर पाण्यात उतरेपर्यंत.

आम्ही थांबलो. मी कॅमेरा सेकंदाला १० फोटोंवर लावला होता. पुढचा विल्डबीस्ट पाण्याकडे दोन पावलं आला की मी बटण दाबायचो. तो मागे गेला की सोडायचो. असं सकाळपासून दुपारपर्यंत. त्यानंतर एक झेब्रा कुणालाही न विचारता सरळ पाण्यात उतरला आणि सगळा काठ त्याच्यामागून कोसळला. धूळ, डुरकण्या, आणि आमच्या चालकाने एका दमात नेऊन गाडी अशी लावली, की समोर नदी आणि मध्ये काहीही नाही. आयुष्यभर अशी जागा मिळत नाही.

"म्झे! शूट, शूट!"

मी बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, कार्ड भरलं.

दुसऱ्या कॅमेऱ्यातलं आदल्या दिवशीच भरलं होतं. रिकामी कार्डं डबीत, डबी मोज्यात, मोजे विल्सनला. आणि रोज रात्री कार्ड ज्यावर रिकामं करायचं, तो लॅपटॉपही मोज्यांच्या शेजारी. आता एकच मार्ग होता. मी खाली बसलो आणि एकेक फोटो पुसायला लागलो. 'सगळे पुसा' असं बटण असतं, पण त्यात सिंहिणीचा कान गेला असता.

"अहो, बघा, पिल्लू पडलं पाण्यात!" दुर्बीण लावून ही.

"थांब, डिलीट होतंय."

"मगर आली! अहो, मगर! पलीकडून, लाकडासारखी दिसतेय बघा. त्याचा पाय धरला. नाही नाही, सुटलं! सुटलं ते! चढलं वर!"

मी विल्डबीस्टचं बूड पुसत होतो. तेच बूड, किंचित डावीकडे. पुन्हा तेच. जागा झाली तेव्हा मी उठलो आणि धडाधड फोटो काढले. ते आहेत माझ्याकडे. ओल्या काठावर खुरांचे ठसे आणि उडून चाललेली धूळ. प्रकाश फार चांगला होता.

घरी नातेवाइकांना ही नदीची गोष्ट सांगते आणि मी फोटो दाखवतो, अशी आमची जोडी जमली आहे. ती इतकं रंगवून सांगते, की पिल्लू सुटलं तिथे परवा हिच्या मावसबहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. फोटोंकडे कोणी बघत नाही. एका भाच्याने तेवढं विचारलं, "काका, हे सगळे नुसते उभे का आहेत?" आजकालच्या मुलांना धीर कमी.

तर, विकणे आहे. कार्बन फायबरचा ट्रायपॉड, गिंबल हेडसह. वापरलेला म्हणणं खोटं ठरेल, कारण वापरलाच नाही. मात्र केनियाला जाऊन आलेला आहे. एका पायावर चालकाच्या मानेचा किंचित ठसा आहे, इतर दोन कोरे. रद्दीवाल्याने एकदा नाकारला आहे, हे आधीच सांगून ठेवतो. धान्य भरायची जीन्सची पिशवी मागू नका, ती देणार नाही. भाव माझ्याशी ठरवू नका. मी घरी नसताना या आणि हिच्याशी ठरवा, फार स्वस्तात पडेल.